तिला कोणी विचारले?

आपल्याकडे मुलगा पाया पडला की आपण म्हणतो, "औक्षवंत हो." नवी नवरी वाकली की तोंडून आपसूक निघते, "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव." या आशीर्वादांत कोणाचे वाईट चिंतलेले नाही. माझ्या आजीने ते दिले, आईने दिले, मीही देत आलो. पण कान देऊन ऐकले तर आपण आयुष्य कशाने मोजतो ते त्यांत उघडे पडते. मुलाचे आयुष्य वर्षांनी मोजायचे आणि मुलीचे नवऱ्याच्या श्वासांनी. "सुखी राहा" असेही आपण म्हणतो, नाही असे नाही. मात्र वर्षभराने ती माहेरी आली की ते सुख तिला लाभले का, हे विचारण्याची आपली रीत नाही. कूस उजवली का, एवढे विचारतो. आणि ती नवऱ्याआधी गेली, मग पस्तिशीत का जाईना, तर हिरवी साडी नेसवून, मळवट भरून ‘भाग्यवान, अहेव गेली, सोनं झालं’ म्हणतो. ती पस्तीस वर्षे तिला कशी गेली, पाठ दुखत होती का, रात्री झोप लागत होती का, हे त्या तिरडीभोवतीच्या एकाच्याही मनात येत नाही. अशा तिरड्यांभोवती मीही उभा राहिलो आहे.

आज हे लिहिण्याचे कारण माझी आत्या. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला. अंगावरून जात होते ते तिने दोन वर्षे कोणाला सांगितले नव्हते. घरातल्या पुरुषांपुढे काढण्याची ती गोष्ट नव्हती, आणि बायकांना तीत सांगण्याजोगे काही वाटत नव्हते. निदान झाले त्या दिवशी डॉक्टरांनी खोलीबाहेर बोलावले ते मला. शरीर जिचे, ती आत पलंगावर बसून राहिली. बाहेर मी पहिला निर्णय घेतला तो हा, की तिला सांगायचे नाही. सगळ्या घराने मान डोलावली. "साधी गाठ आहे, शेक घेतला की विरघळेल," असे ठरवून सांगितले. नंतरचे अकरा महिने मी एक वही ठेवली. तीत रोजचा ताप होता, हिमोग्लोबिन होते, किती सलाइन चढले ते होते, औषधांची बिले तारीखवार होती. तिचे किती दुखते, यासाठी त्या वहीत एक ओळसुद्धा नव्हती. "मला घरी ने रे, ओट्यावर बसायचंय," असे ती तीनदा म्हणाली. तिन्ही वेळा मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली आणि "बरी झालीस की जाऊ" म्हणालो. शेवटचे एकोणीस दिवस ती अतिदक्षता विभागात होती, हात बांधलेले आणि घशात नळी. तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला मी सांगितले, "काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही." मला ते खरे वाटत होते. आणि आलेला प्रत्येक जण म्हणत होता, "किती सोशिक होती हो! शेवटपर्यंत तोंडातून शब्द नाही."

सोशिक हा आपल्या भाषेतला मोठ्या मानाचा शब्द आहे. मुलगी दाखवताना तो गुण म्हणून सांगतात, आणि ती गेल्यावर आदरांजलीत छापतात. मधल्या पन्नास-साठ वर्षांत तिने नेमके काय सोसले, याचा तपशील मात्र कुठे नोंदलेला नसतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तो तपशील गोळा करण्याचे ठरवले. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत त्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. शंभरातल्या ९२ जणींना एखादा तरी स्त्रीरोग होता. यापूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हे आकडे वाचून जगभरचे तज्ज्ञ चकित झाले. आपणही चकित झालो, आणि आपली शरमेची बाब तीच आहे. त्या स्त्रिया परक्या नव्हत्या. आपल्याच भाषेत बोलत होत्या, आपल्याच शेतात निंदणी करत होत्या, आपल्याच माजघरात कंबर धरून उठत होत्या. बंग दांपत्याने कोणते गुपित शोधून काढले नाही. जे दुखणे पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत होते त्याविषयी त्यांनी पहिल्यांदा विचारले, एवढेच केले.

आता कोणी म्हणेल, हा अडाणीपणाचा दोष, शिकल्यावर जाईल. मी तसे मानत नाही, कारण वैद्यकशास्त्रासारखी शिकलेली विद्यासुद्धा या आंधळेपणातून फार उशिरा बाहेर येऊ लागली. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ मध्ये अमलात आली. आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शरीर, मन आणि समाजजीवन या तिन्हींचे स्वास्थ्य, असे तिच्यात तेव्हाच लिहिले होते. पुढच्याच वर्षी कर्करोगाच्या रुग्णांसाठी कार्नोफ्स्की यांची शंभर गुणांची पट्टी आली. रुग्ण कामावर जाऊ शकतो का, स्वतःचे स्वतः करू शकतो का, अंथरुणाला खिळला आहे का, हे पाहून गुण द्यायचे. पट्टी उपयोगी होती, आजही आहे. पण गुण देणार डॉक्टर, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून. पलंगावरच्या माणसाचे मत त्या गुणांत धरलेले नाही. तो माणूस स्वतः काय म्हणतो हे मोजण्याची प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात केली. ती बेतताना जगातली पंधरा केंद्रे सहभागी होती आणि त्यांत दिल्ली व मद्रास होती. तिच्या छोट्या रूपात २६ प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत दुखण्यामुळे हवे ते करण्यात किती अडचण आली, झोप कशी आहे, गरजेपुरते पैसे आहेत का, माणसांशी संबंध कसे आहेत, आपले जगणे आपल्याला अर्थपूर्ण वाटते का. एकाही प्रश्नाला यंत्र लागत नाही. समोर बसायला वेळ लागतो, आणि मिळालेले उत्तर खरे मानण्याची तयारी लागते.

ती तयारी आपल्यात किती कमी आहे, हे आणखी एका गोष्टीवरून दिसते. गंभीर अपंगत्व असलेल्या माणसांना त्यांच्या जगण्याविषयी विचारून केलेला अमेरिकेतला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला; निम्म्याहून अधिक जणांनी आपले जगणे चांगले किंवा फार चांगले असल्याचे सांगितले. आपण मात्र चाकाच्या खुर्चीतला तरुण पाहिला की त्याच्या आईच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणतो, "यापेक्षा सुटला असता तर बरं." म्हणजे जो सुखाने जगतो आहे त्याचे जगणे आपण मोडीत काढतो, आणि जी वेदनेने तळमळते आहे तिला सोशिक म्हणून सोडून देतो. दोघांचीही किंमत आपणच ठरवलेली असते.

हा आंधळेपणा घराच्या भिंतींत राहिला असता तरी क्रूरच होता; पण तो धंद्याच्या हिशोबात शिरला की काय होते ते बीड जिल्ह्याने पाहिले आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास तिथली लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतात ती जोडीने. नवरा-बायको मिळून एक कोयता, बाई एकटी धरली तर अर्धा. एक दिवस काम चुकले की खाडा धरला जातो आणि त्याचा दंड उचलीतून वळता होतो. फडात मोरी नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत धुवायला पाणी नाही, आणि मोळी तर डोक्यावरून ट्रकमध्ये चढवायचीच आहे. अशा बाईचे ओटीपोट दुखू लागले, पांढरे जाऊ लागले आणि ती दवाखान्यात गेली, की पुढे कॅन्सर होईल अशी भीती घालून तिला पिशवी काढायला सांगितले जात असे. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा उचल. २०१९ मध्ये याचा बोभाटा झाला तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींत एक. त्यांत कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर तिशीतल्या बाईला म्हातारपण येते, हाडे ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात. पण त्या दुखण्याला खाडा माफ नव्हता. फडात तिची जागा तीच राहिली.

साखर कारखाना कधी आतून पाहिला आहे? उसाची गाडी काट्यावर चढते, किलोपर्यंत वजन होते. रसाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. साखरेचा उतारा दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत काढतात, कारण त्यावर उसाचा भाव ठरतो. त्या उताऱ्यावरून शेतकरी मोर्चे काढतात, विधिमंडळात चर्चा होतात, वर्तमानपत्रे अग्रलेख लिहितात. महाराष्ट्रात सहकार उभा राहिला याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण तो ऊस जिने तोडला तिच्या कंबरेचा, तिच्या झोपेचा, तिच्या लाजेचा उतारा काढणारी प्रयोगशाळा आपल्याला कधी सुचली नाही. मोजता येत नव्हते असे नाही; ते मोजण्याजोगे वाटले नाही. ती साखर माझ्या चहात रोज सकाळी पडत होती आणि मी तो अग्रलेख वाचत होतो.

याविषयी गावाकडे आणि शहरात मला एकच उत्तर मिळाले आहे: "त्यांना सवय असते." हे वाक्य जुने आहे. आपल्या पणजोबांच्या काळी डोक्यावरून पदर घेतलेली, केशवपन केलेली एखादी बालविधवा घरोघरी चुलीशी असे. ते लोक दुष्ट नव्हते. ते विद्वान होते, प्रेमळ होते, तिच्या हातचे सोवळ्यातले अन्न दोन वेळा जेवत होते आणि ‘तिला आता त्याची सवय झाली आहे’ असे मनापासून मानत होते. तिला विचारले नाही, म्हणून ती समाधानी ठरली. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, १८९६ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा समाजाला राग आला तो त्यांनी काही नवे आणले म्हणून नव्हे, रोज डोळ्यांसमोर असलेले त्यांनी बघायला लावले म्हणून. आज ती प्रथा राहिलेली नाही. आपल्या मुलींना ती पुस्तकात वाचून समजते आणि त्या आपल्याला विचारतात, कुणाला दिसत कसं नव्हतं? आपल्या नाती आपल्या वह्यांविषयी, आपल्या साखरेविषयी हेच विचारणार आहेत.

आणि उपाय दूर आहे असेही नाही. वेदना शमवणारे मॉर्फीन ज्या अफूपासून होते ती अफू आपल्याच देशात सरकारी परवान्याने पिकते, गाजीपूर आणि नीमच इथे तिचे सरकारी कारखाने आहेत. तरी १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांचे जाळे असे आवळले गेले की कर्करोगाने तळमळणाऱ्याला ती गोळी मिळेनाशी झाली, आणि डॉक्टरांची एक पिढी ती लिहून देण्यास न शिकताच मोठी झाली. २०१४ मध्ये कायदा सुधारला. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून मरणासन्न रुग्णांची वेदना हलकी करते आहे. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम सुरू केले, शेजारपाजारची साधी माणसे शिकून रुग्णांच्या घरी जाऊन बसू लागली, आणि २००८ मध्ये केरळने ते राज्याचे धोरण केले. सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला, शेवटी कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याची पद्धत २०२३ मध्ये सोपी केली. आपण मात्र वडिलांनी तो विषय काढला की "शुभ बोल नाऱ्या" म्हणून ताट वाढायला घेतो. केरळची माणसे आपल्याहून वेगळ्या मातीची नाहीत. त्यांनी आजाऱ्याजवळ बसून विचारायला सुरुवात केली. आपल्यालाही ते येईल, येणारच आहे.

मात्र ते कुणा समितीने सुरू होणार नाही. आज ज्याच्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्याने ताप बघून झाल्यावर आणखी थोडा वेळ बसावे. ज्याच्या गावातून कोयते निघतात त्याने परतलेल्या बाईला पैसे किती सुटले हे विचारण्याआधी तिचे कसे आहे ते विचारावे. डॉक्टरांनी नातेवाइकाला बाहेर बोलावले तर त्याने म्हणावे, आत चला, तिच्यासमोर बोलू.

त्या २६ प्रश्नांतला पहिला प्रश्न असा आहे: तुमचे जगणे तुम्हाला कसे वाटते? आत्याला तो विचारण्यासाठी माझ्याकडे अकरा महिने होते.