उड्डाणांची संख्या आणि विश्वासाची कसोटी

१२ जानेवारी २०२६ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेला ‘पीएसएलव्ही-सी ६२’ आपल्या उपग्रहांना नियोजित कक्षेत पोहोचवू शकला नाही. घन इंधनावर चालणाऱ्या तिसऱ्या टप्प्याच्या अखेरीस बिघाड झाला. त्यापूर्वीचा ‘सी ६१’ही १८ मे २०२५ रोजी याच टप्प्यात निष्फळ ठरला होता. २००८ मध्ये चांद्रयान, २०१३ मध्ये मंगळयान आणि २०१७ मध्ये एकाच वेळी १०४ उपग्रह वाहून नेणारा हा प्रक्षेपक लागोपाठ दोनदा एकाच जागी अडखळावा, ही चिंतेची बाब आहे. ‘इस्रो’च्या पुढील वर्षाच्या आराखड्याचा विचार येथूनच सुरू व्हावयास हवा.

संस्थेसमोरील संकल्प उत्तुंग आहेत. ‘व्योममित्रा’ या यंत्रमानवासह गगनयानाचे मानवरहित उड्डाण, त्यानंतर भारतीय अंतराळवीरांचे सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील प्रयाण, २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय पाऊल. गगनयान ज्या ‘एलव्हीएम-३’वरून जाणार आहे, त्याची कामगिरी निर्दोष आहे, हे खरे. तथापि प्रक्षेपक भिन्न असले, तरी तपासणीची शिस्त एकाच संस्थेची असते. उपग्रह पुन्हा बांधता येतो. माणसाच्या प्राणांना दुसरे उड्डाण नसते.

अपयश ‘इस्रो’ला नवे नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी ‘एसएलव्ही-३’ समुद्रात कोसळला, तेव्हा प्रा. सतीश धवन यांनी पत्रकारांसमोर स्वतः जबाबदारी स्वीकारली. १८ जुलै १९८० रोजी यश लाभताच त्यांनी डॉ. कलाम यांना पुढे केले. अमेरिकेच्या दबावामुळे रशियाने क्रायोजेनिक तंत्रज्ञान देण्याचे नाकारले. स्वदेशी इंजिन २०१० मध्ये फसले आणि २०१४ मध्ये यशस्वी झाले. दोष मान्य करून त्याच्या मुळाशी जाण्याची वृत्ती, हेच या परंपरेचे खरे बळ होय.

म्हणूनच ‘सी ६१’च्या अपयशाचा चौकशी अहवाल जनतेसमोर न येताच पुढचे उड्डाण झाले, हे खटकते. संवेदनशील तंत्रज्ञान गुप्त राहिलेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु दोष कोणता होता आणि कोणती उपाययोजना झाली, एवढे सांगण्याने राष्ट्राची सुरक्षा धोक्यात येत नाही. १९८६ च्या ‘चॅलेंजर’ दुर्घटनेनंतर अमेरिकेने चौकशी अहवाल प्रसिद्ध केला होता. आता ‘पीएसएलव्ही’ची बांधणी भारतीय उद्योगांकडे सोपविली जात आहे. सदोष दुवा न शोधताच ती सोपविणे उद्योगांवरही अन्याय ठरेल.

वर्षभरात किती उड्डाणे झाली, यावर टाळ्या वाजविणे सोपे आहे. परंतु एखादे उड्डाण तयारीअभावी लांबले, तर देशाने ते संयमाने स्वीकारावे. आणि संस्थेनेही देशाला विश्वासात घ्यावे. स्वावलंबनाचा मार्ग अशा परस्पर विश्वासावरच उभा राहतो.