गाडी काढायचीय? आधी तिच्यातलं आभाळ बघा!

शिवाजीनगर म्हटलं की आपल्याला आठवतं पुणं. पण बंगळुरूलाही एक शिवाजीनगर आहे. १९२७ साली बांधलेलं रसेल मार्केट, सेंट मेरीज बॅसिलिका, बसस्टँडची अखंड वर्दळ आणि या सगळ्याच्या आडोशाला जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या गल्ल्या. कुठे दारांची चळत, कुठे आरशांच्या माळा, कुठे भिंतीला टेकवलेलं एखाद्या पद्मिनीचं बॉनेट.

याच भागातल्या एका रेडियमच्या दुकानात गेले होते. दुकान कसलं, दहा बाय आठची खोली. वडील एकेकाळी ब्रशने नंबरप्लेटा रंगवायचे. मग रेडियम कटिंगचं यंत्र आलं. आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागूनच येऊ लागली, तसं हातचं ते कामही आटत गेलं. आता स्टिकर, पट्टे, बॅनर यांवर दुकान चालतं. पंचविशीतला मुलगा कॉम्प्युटरवर बसतो. गिऱ्हाईक नसलं की त्याचं एकच वेड, पडद्यावर गाड्या काढणं. हुबेहूब, फोटोसारख्या!

वडिलांचा प्रश्न साधा होता. फोटो मिळत असताना चित्र कशाला? आणि त्याने पोट भरणार का?

वाचकहो, हा प्रश्न आपल्याही घरात विचारला जातो. तेव्हा आधी हे काम आहे तरी काय ते पाहू.

कॉम्प्युटरवरचा फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. लाखो रंगीत ठिपके शेजारी शेजारी. मोठा करत गेलात की ठिपके दिसू लागतात, चित्र फुटतं. व्हेक्टर चित्राची तऱ्हा वेगळी. तिथे ठिपके साठवलेले नसतात, सूचना साठवलेली असते. ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत जा, इतका बाक घे आणि आत हा रंग भर.’ त्यामुळे तेच चित्र स्टिकरवर छापा की होर्डिंगवर, कड तितकीच स्वच्छ. रेडियम कापणाऱ्या यंत्राची सुरीही याच रेषेवरून फिरते. ठिपक्यांचा फोटो तिला काय कळणार?

या रेषेची गंमत अशी की ती जन्मली मुळी मोटारीच्या कारखान्यात. पूर्वी गाडीचा आकार मातीत घडवत, त्यावरून आराखडे आणि साचे बनत, आणि दर नकलेत थोडा फरक पडे. वळण नेमकं कसं, हे आकड्यांत सांगता आलं तर? फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो या गणितज्ञाने १९५९ साली त्याची रीत शोधली. पण कंपनीने ती गुपित ठेवली! रेनो कंपनीतले इंजिनिअर पिएर बेझिए यांनी त्याच दशकाच्या पुढच्या दशकात स्वतंत्रपणे काम करून ते प्रसिद्ध केलं, आणि वक्ररेषेला नाव मिळालं बेझिएंचं. पुढे १९८७ साली इलस्ट्रेटर आलं, १९८९ साली कोरल ड्रॉ. दोन्हींच्या पोटात हीच रेषा. आज तुम्ही वाचताय त्या छापील ‘अ’ची गोलाई कॉम्प्युटरवर याच घराण्यातल्या रेषांनी बांधलेली असते.

वापरायला ती सोपी, साधायला कठीण. पेन टूलने एक बिंदू ठेवायचा, त्याला दोन बाजूंना दोन हात फुटतात. ज्यांना हँडल म्हणतात ते हेच. हात ओढला की रेषा वाकते, पतंगाच्या कमानीसारखी. नवशिका काय करतो? फोटोवर बिंदूंची माळ ओवतो. मग बॉनेटची कड करवतीसारखी दिसते. जाणकार वळणाच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक बिंदू ठेवतो आणि मधलं काम हातांवर सोपवतो. बिंदू जितके कमी, पत्रा तितका गुळगुळीत.

आमच्या या मुलाला एवढं सगळं येत होतं. पद्मिनीची बाह्यरेषा बिनचूक, मागचे छोटे पंखही जिथल्या तिथे. पण गाडी काही जिवंत होईना. काळ्या रंगाची एक छटा वर फिकट, खाली गडद केली, की गाडी फुग्यासारखी दिसे. तीन आठवडे तो त्याच बॉनेटशी झुंजत होता.

वाट दाखवली ती समोरच्या डेंटिंगवाल्या मिस्त्रींनी. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावलेला नाही. ते मुलाला गॅरेजमध्ये घेऊन गेले आणि ठोकून सरळ केलेल्या दाराशी उभं केलं. छताला ट्यूबलाइट होती. तिची रेघ पत्र्यात दिसत होती. मिस्त्री डोकं हलवत होते तशी रेघ पत्र्यावरून सरकत होती. एका जागी ती किंचित थरथरली. ‘इथे अजून खड्डा आहे,’ ते म्हणाले. हाताला तो लागतही नव्हता!

मुलाच्या डोक्यात उजेड पडला. चकचकीत पत्र्याला स्वतःचा रंग थोडाच असतो. आपण पाहतो ते बहुतेक प्रतिबिंब असतं. वर तोंड केलेले भाग, म्हणजे बॉनेट आणि टप, आभाळ दाखवतात. खाली वळलेले भाग रस्ता दाखवतात. आणि दोहोंच्या मध्ये, दारांच्या लांबीभर, समोरची झाडं-घरं यांचा एक गडद पट्टा धावतो. हा पट्टा जसा वळेल तसा पत्रा वळलेला दिसतो. मोठ्या कंपन्यांतले डिझायनरही कॉम्प्युटरवर बनवलेल्या गाडीवर झेब्य्रासारखे काळे-पांढरे पट्टे पाडून हेच तपासतात. पट्टा तुटला की पृष्ठभाग चुकला. मिस्त्रींची ट्यूबलाइट आणि त्यांचा झेब्रा, परीक्षा एकच!

मग काम कसं करायचं? शिकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. शक्यतो स्वतः काढलेला फोटो खालच्या लेयरवर ठेवून कुलूपबंद करा. वर प्रत्येक भागाचा वेगळा लेयर करा: बॉडी, काचा, चाकं, क्रोम, सावली. आधी सपाट रंग भरा. मग प्रतिबिंबांचे आकार बॉडीपासून वेगळे, स्वतंत्र काढा. जिथे कड हळूहळू विरते तिथे ब्लेंड किंवा मेश वापरा, पण जिथे कड धारदार आहे तिथे ती धारदारच ठेवा. क्रोमचा सगळा खेळ त्या धारेतच आहे. वर निळसर, मध्ये जवळजवळ काळं, खाली मातकट, आणि मध्ये संक्रमण नाहीच. तीन चतुर्थांश कोनातून दिसणारं चाक गोल नसतं, लंबगोल असतं. ते चुकलं की गाडी लंगडते. टायर कधी ठार काळा भरू नका, गडद राखाडी घ्या. ठार काळा राखून ठेवा टायर जमिनीला टेकतो तिथल्या सावलीच्या रेघेसाठी. त्या एका रेघेने गाडीला वजन येतं.

सॉफ्टवेअर महागडंच हवं असं नाही. इंकस्केप हे २००३ पासून फुकट मिळतं आणि शिकायला पुरेसं आहे.

आता वडिलांचा प्रश्न. आज एक वाक्य लिहिलं की कृत्रिम बुद्धिमत्ता काही सेकंदांत गाडीचं चित्र हातात ठेवते. तेव्हा नुसतं ‘हुबेहूब’ विकून पोट भरेल असं आश्वासन कोणी देऊ नये. पण ते चित्र बहुधा ठिपक्यांचंच असतं. ते यंत्राला कापता येईल अशा रेषांत बसवायला जाणता हात लागतो. आपोआप ट्रेस करणारं बटण आहे खरं, पण ते इतके फालतू बिंदू टाकतं की साफ करताना नको होतं. आणि ज्याला पुढे जायचंय त्याला दारं आहेत. बारावीनंतर डिझाइनची ‘यूसीड’ परीक्षा आयआयटी मुंबई घेते, तिच्यात हाताने चित्र काढायचा भागही असतो. अहमदाबादची एनआयडी वाहन डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवते. तिथे कोणी ‘कोरल येतं का’ एवढंच विचारत नाही, ‘पाहता येतं का’ हे विचारतात.

शिवाजीनगरच्या मुलाने त्या रात्री बॉनेटवरचे अर्धेअधिक बिंदू पुसले आणि एकच लांब, शांत पट्टा काढला. सकाळी वडिलांनी पडद्याकडे पाहिलं. शाबासकी वगैरे काही दिली नाही. फक्त खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, ‘ही रेघ ब्रशने काढायला मला दोन वर्षं लागली होती. तू कशी काढलीस?’

पोट भरेल की नाही याचं उत्तर अजून मिळायचंय. पण ‘चित्र कशाला?’ हा प्रश्न त्या दिवसापासून दुकानात निघालेला नाही.

तुमच्याही घरात गाड्या काढत बसणारं कोणी असेल, तर रागावण्याआधी त्याला खाली, सोसायटीच्या आवारात न्या. उभ्या असलेल्या एखाद्या गाडीसमोर उभं करा आणि विचारा, ‘यात काय काय दिसतंय?’ तो ‘गाडी’ म्हणाला, तर अजून शिकायचंय. ‘आभाळ’ म्हणाला, तर त्याला कागद-पेन्सिल द्या आणि रविवारी तासभर कॉम्प्युटरही!