कान टोचावेत, कोरू नयेत

१९२३ साली लिओ गर्स्टेनझँग यांनी अमेरिकेत कापसाची काडी काढली, ती तान्ह्या बाळांच्या निगेसाठी. त्याच अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात सुमारे २ लाख ६३ हजार मुलांवर या काडीने कानाला झालेल्या इजांसाठी तातडीच्या विभागात उपचार करावे लागले.

कानातील मळ ही घाण नव्हे, ते कानाचे कवच आहे. तो आपोआप बाहेर सरकतो. काडी त्याला आत ढकलते, त्वचा खरवडते, प्रसंगी पडदा फाडते. सुरतेच्या दमट पावसाळ्यात अशा ओरखड्यांत बुरशी सहज रुजते.

२०२२ साली प्लॅस्टिकच्या काडीवर बंदी आली. परंतु बांबूची काडीही कानाला तितकीच घातक. न्हाऊ घातल्यावर बाहेरचा कान मऊ फडक्याने टिपावा, एवढे पुरे. लसीकरणाच्या वेळी आपण डॉक्टरांनी हे आवर्जून सांगावे. समाजबांधवांनी बाळंतविड्यातून इअरबडची डबी वगळावी.