कर्त्या पुरुषाची नसबंदी

एका शेतकरी गृहस्थांचें पत्र आमच्याकडे आलें आहे. नांव व गांव छापूं नये असें त्यांनीं बजाविल्यामुळें आम्ही तें छापीत नाहीं. मजकूर थोडक्यांत असा: घरीं तीन मुलें आहेत, चवथें नको आहे. तिसऱ्या बाळंतपणांत कारभारणीच्या अंगावरून फार गेलें, तेव्हांपासून तिच्या अंगांत रक्त भरलेलें नाहीं. डॉक्टर म्हणाले, "बाईंच्या पोटाला सध्यां हात लावण्यापेक्षां तुम्हींच नसबंदी करून घ्या, काम पाव तासाचें आहे." गृहस्थ कबूल झाले, तों त्यांच्या मातोश्री आडव्या आल्या. "कर्त्या पुरुषाला खच्ची केलें तर नांगर कोण धरील? करायचें तें सुनेचें करा." तेव्हां आपण काय करावें, असें या गृहस्थांनीं आम्हांस विचारलें आहे.

पत्र एकाचें असलें तरी गाऱ्हाणें घरोघरचें आहे. २०१९ ते २०२१ या सालांत सरकारनें देशभर कुटुंबाच्या आरोग्याची पाहणी केली. तींत असें दिसून आलें, कीं दर हजार विवाहित बायकांत ३७९ बायकांनीं मूल बंद होण्याची शस्त्रक्रिया स्वतःच्या अंगावर करून घेतली होती. आणि ज्यांच्या नवऱ्यानें ती करून घेतली, अशा बायका हजारांत अवघ्या तीन! गरोदरपण तिनें सोसावें, बाळंतपणांत जीव तिनें धोक्यांत घालावा, आणि शेवटीं टेबलावर निजावयाचें तें सुद्धां तिनेंच. घरधनी मात्र बाहेर ओट्यावर तंबाखू मळीत बसलेले! चोर सोडून संन्याशाला सूळ म्हणतात तो हाच न्याय. आणि शस्त्रक्रियेपुरतें पाहिलें, तर बाईचें काम मोठें व पुरुषाचें लहान आहे. बाईच्या नळ्या पोटाच्या आंत असतात. दुर्बिणीनें केलें तरी पोटाच्या पोकळींत शिरावेंच लागतें. पुरुषाच्या नळ्या कातडीच्या अगदीं खालीं, बोटांच्या चिमटींत सांपडतील अशा असतात. पोट उघडावें लागत नाहीं, सबंध भूल द्यावी लागत नाहीं.

मग पुरुष भितो कां? मातोश्रींच्या तोंडून जो शब्द निघाला, त्यांतच याचें उत्तर आहे. "खच्ची"! आमच्या शेतकऱ्यानें गोऱ्हा बडवितांना पाहिलेला असतो. पूर्वीं तो ठेचून बडवीत, आतां गुरांचे डॉक्टर चिमट्यानें बडवितात. त्यांत अंडाचें रक्त तुटतें, अंड वाळून जातें, आणि गोऱ्ह्याचा माज संपतो. नसबंदींत यांतलें कांहींएक होत नाहीं. अंडाला हात लागत नाहीं, त्याच्या रक्ताच्या वाटा तुटत नाहींत. तुटते ती फक्त बीज वाहून नेणारी बारीक नळी. गोऱ्ह्याचें बडविणें निराळें आणि माणसाची नसबंदी निराळी. राहिला नांगराचा प्रश्न. मातोश्रींना आम्ही नम्रपणें विचारतों, आई, आपल्या शेतांत जन्मभर नांगर ओढतो तो बैल बडविलेलाच असतो ना? मग ज्याला कोणी बडविलेंच नाहीं, त्या आपल्या मुलाच्या हातून नांगर कसा सुटेल?

ही गोष्ट शेतकऱ्याला विहिरीच्या उदाहरणानें लवकर समजेल. विहिरीचें पाणी पाटानें शेतांत जातें. पाट मध्येंच बांध घालून अडविला, तर विहीर आटते काय? अंडांत दोन कामें चालतात. एक बीज तयार करण्याचें, आणि दुसरें, ज्या रसानें पुरुषाला दाढीमिशा, घोगरा आवाज, बळ व इच्छा येते तो रस तयार करण्याचें. बीज नळीनें जातें. रस नळीनें जातच नाहीं, तो थेट रक्तांत मिसळतो. म्हणून नळी बांधली तरी पुरुषपणा जेथल्या तेथें राहतो. बीज नंतरही तयार होतें, परंतु वाट न मिळाल्यामुळें शरीर तें आंतल्या आंत जिरवून टाकतें. वीर्यांत बीजाचा भाग फार थोडा, शंभरांत पांच सुद्धां नसतो. बाकीचें पाणी दुसऱ्या ग्रंथींचें असतें. म्हणून रंगांत, मापांत किंवा सुखांत ओळखूं येण्याजोगा फरक पडत नाहीं.

आतां प्रत्यक्ष काय होतें तें सांगतों. कारण न पाहिलेल्या गोष्टीचीच भीति फार वाटते.

सरकारी नियम असा आहे, कीं शस्त्रक्रिया करून घेणारा पुरुष विवाहित व साठ वर्षांच्या आंतला असावा, आणि त्याला एक वर्षावरील निदान एक तरी मूल असावें. पहिल्यानें डॉक्टर विचारपूस व तपासणी करितात. मधुमेह आहे काय, रक्त लवकर थांबत नाहीं काय, रक्त पातळ करणारें औषध चालू आहे काय, अंडवृद्धि किंवा अंतर्गळ आहे काय, पूर्वीं कोणत्या सुईनें अंगावर पित्त उठलें होतें काय, हें सर्व खरें सांगावें. येथें लाज धरली तर नुकसान आपलेंच आहे. ताप असेल किंवा त्या जागीं खरूज, गळूं असेल, तर बरें होईपर्यंत थांबावें. त्या दिवशीं स्वच्छ आंघोळ करून, तेथील केंस कापून, धुतलेला लंगोट किंवा घट्ट चड्डी बरोबर घेऊन जावें. सोबत एक माणूस असावा. परततांना सायकल किंवा फटफटी स्वतः चालवूं नये.

टेबलावर निजविल्यावर ती जागा औषधानें पुसतात आणि बारीक सुईनें बधिर करितात. सुई टोंचतांना विंचवाची नांगी लागावी तसें क्षणभर चरचरतें. खरें दुखणें म्हणावयाचें तें एवढेंच. पुढें माणूस जागा असतो, बोलत असतो. कोणी आंतून दोरी ओढीत आहे असें ओटीपोटांत वाटतें, पण कापल्याचें दुःख होत नाहीं. हल्लींची रीत बिनटाक्याची आहे. ती चीन देशांतील डॉक्टर ली शुन्-चियांग यांनीं १९७४ सालीं काढली. तींत सुरी लावीत नाहींत. टोंकदार चिमट्यानें कातडीला एक बारीक छिद्र पाडतात, त्यांतून दोन्ही बाजूंच्या नळ्या एकामागून एक बाहेर घेऊन, बांधून, कापून, परत आंत सोडतात. टांका घालावा लागत नाहीं. सर्व काम दहा ते वीस मिनिटांत आटोपतें. थोडा वेळ निजवून ठेवतात आणि त्याच दिवशीं घरीं पाठवितात.

घरीं आल्यावर दोन दिवस खरी विश्रांति घ्यावी. पहिल्या दिवशीं फडक्यांत बर्फ गुंडाळून मधून मधून शेकावें, लंगोट बांधून ठेवावा, आणि डॉक्टर सांगतील तोंपर्यंत जागा भिजवूं नये. थोडी सूज, थोडें काळेंनिळें व ठणका हें साहजिक आहे; साध्या गोळीनें तें भागतें. दोन दिवसांनीं बसून करावयाचीं हलकीं कामें करावीं. परंतु पोतें उचलणें, नांगर धरणें, लोहाराचा घण, सुताराची करवत, सायकल, बैलगाडीचे धक्के, हें सर्व निदान आठवडाभर वर्ज्य. आमचे लोक एथेंच चुकतात. तिसऱ्या दिवशीं ऊंस भरावयास जातात, जागा सुजून येते, आणि मग गांवभर सांगत सुटतात कीं नसबंदी बाधली! नसबंदी बाधली नाहीं, उतावळेपणा बाधला. म्हणून सुगी उरकून रास घरांत पडल्यावर, किंवा हातांत काम कमी असतांना हा दिवस धरावा. बुडालेल्या मजुरीबद्दल सरकार कांहीं रक्कम देतें. ती किती व कशी मिळते, तें आरोग्यकेंद्रांत किंवा आशाताईंस आधींच विचारून घ्यावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती विसरल्यामुळें संसार मोडतात. नसबंदी झाली म्हणजे त्याच दिवसापासून मूल बंद झालें, असें नाहीं. पाट अडविला तरी बांधाच्या पुढें सरींत उभें राहिलेलें पाणी कांहीं दिवस वाहतेंच. तसेंच पुढच्या नळींत आधींचें बीज शिल्लक असतें. तें संपावयास सुमारें तीन महिने लागतात. तोंपर्यंत निरोध वापरलाच पाहिजे. तीन महिन्यांनीं दवाखान्यांत जाऊन वीर्य तपासून घ्यावें आणि बीज नाहीं असा दाखला हातांत आल्यावरच निर्धास्त व्हावें. पुष्कळ पुरुष या तपासणीला लाजेनें जात नाहींत. मध्यंतरीं घरीं दिवस जातात. आणि संशय कोणावर? निरपराध बायकोवर! आपल्या आळसाचें पाप तिच्या माथीं मारून तिला माहेरीं घालविणें यासारखा दुसरा अन्याय नाहीं. तपासणी झाल्यानंतर सुद्धां नळ्या आपोआप जुळून मूल राहिल्याचें क्वचित् घडतें. सुमारें दोन हजारांत एकाला. तेव्हां असें झाल्यास आधीं आपलें वीर्य पुन्हां तपासावें, मग बोलावें. अशा अपयशाबद्दल भरपाई देण्याची सरकारी योजना आहे. म्हणून शस्त्रक्रियेचे सर्व कागद जपून ठेवावे.

आम्ही एकच बाजू सांगून वाचकांची फसगत करणार नाहीं. कांहींच्या जागेंत रक्त सांकळतें, कांहींना पू होतो. ताप आला, सूज वाढत चालली, रक्त थांबेना, किंवा पू दिसला, तर देवऋषीकडे न जातां त्याच दिवशीं डॉक्टरकडे जावें. शंभरांत एकदोघांना पुढें बरेच महिने अंडांत दुखत राहतें व औषध घ्यावें लागतें. नसबंदीनें गुप्तरोगापासून रक्षण होत नाहीं. आणि मुख्य म्हणजे, ती कायमची समजूनच करावी. नळ्या पुन्हां जोडतां येतात, पण तें काम अवघड, खर्चाचें, व मूल होईलच अशी खात्री नसलेलें. ज्याच्या मनांत "पुढें मागें" असा शब्द आहे, त्यानें आज करूं नये. मूल लांबविण्याचे दुसरे उपाय आहेत.

या भीतीला आणखी एक कारण आहे, आणि तें खरें आहे. १९७६-७७ या एका सालांत, आणीबाणींत, देशांत सुमारें ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली. तींत कित्येकांना धरून आणलें, कित्येकांचे पगार व शिधापत्रिका अडविल्या, आंकडे भरण्यासाठीं गरिबांचीं अंगें वापरलीं. तो जुलूम होता, आणि त्याला जुलूमच म्हटलें पाहिजे. पण त्याचें फळ कोणाला भोगावें लागलें? पुरुष बिथरले, आणि सरकारचें सर्व लक्ष बायकांकडे वळलें. २०१४ सालीं छत्तिसगडांत बिलासपूरजवळ एका शिबिरांत कांहीं तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया उरकल्या, आणि त्या शिबिरांनंतर तेराहून अधिक बायका प्राणाला मुकल्या. शेवटीं २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असलीं शिबिरें तीन वर्षांत बंद करण्यास सांगितलें. म्हणून आमचें म्हणणें असें, कीं सक्तीनें कोणी नेऊं लागला तर पाय रोवून नाहीं म्हणावें. पैशाच्या लोभानेंही जाऊं नये. परंतु सक्ती वाईट होती म्हणून शस्त्रक्रियाही वाईट, असें समजूं नये.

हा विचार वरून लादलेलाही नाहीं. १९२१ सालीं मुंबईस र. धों. कर्वे यांनीं संततिनियमनाचें केंद्र उघडलें, तेव्हां लोकांनीं त्यांची निंदा केली. १९३८ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनीं सरकारनें संततिनियमनास साहाय्य करावें असा ठराव आणला. तो फेटाळला गेला. पण कष्टकऱ्यांच्या बायकांचे हाल दूर करण्याची मागणी कष्टकऱ्यांच्याच बाजूनें झाली होती, हें विसरूं नये.

आतां आमच्या पत्रलेखकांस उत्तर. आपणांस तीन मुलें आहेत, दोघांचा विचार ठाम आहे, आणि कारभारणी अशक्त आहे. मग वाट कसली पाहतां? नियमाप्रमाणें आपल्या शस्त्रक्रियेला आपलीच संमति लागते; तरी कारभारणीशीं बसून बोलावें, कारण हा संसार दोघांचा आहे. तिचें रक्त भरून येण्यासाठीं औषध व पोटभर अन्न निराळें चालूं ठेवावें. मातोश्रींवर रागावूं नये. त्यांना आशाताईंकडे किंवा डॉक्टरांकडे बरोबर न्यावें आणि समोर विचारूं द्यावें. आणि काम झाल्यावर तें लपवूं नये. गांवांतला एक धडधाकट शेतकरी पारावर बसून "मी केली, आणि पंधरा दिवसांनीं नांगर धरला" असें म्हणाला, म्हणजे आमच्या दहा अग्रलेखांचें काम होईल.