फळीवरचे लहान स्पीकर : घेतलेल्यांचा अनुभव



घरात टी.व्ही. किंवा फ्रीज घ्यायचा म्हटले की आपण दहा जणांना विचारतो. पण गाणी ऐकायचे यंत्र घेताना मात्र दुकानदार जे जोरात वाजवून दाखवील तेच उचलून आणतो. आमच्याही घरी हेच झाले. म्हणून आज थोडे त्याबद्दल.

२०११ साली माझ्या धाकट्या भावाने हप्त्यावर एक होम थिएटर आणले. पाच लहान डबे आणि एक भला मोठा सब-वूफर. खोक्यावर हजारो वॅटचा आकडा छापलेला. वर्ध्याच्या पुलफैलात आमचे दोन खोल्यांचे घर. पुढची खोली दहा बाय बारा फूट, वर टिनाचे छप्पर. पहिल्याच दिवशी भीमगीते लावली तर मांडणीवरची भांडी नाचू लागली. पोरे खूश झाली. माय मात्र बाजेवरून उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. मी विचारले तर म्हणाली, "काय लावलं बाप्पा हे! छातीत धडधड होते, पन गानं काय म्हनते काही समजून नाही राहिलं."

माय शाळेत गेलेली नाही. तिला जे कळले ते कानाने कळले. सभेतली भाषणे, रात्र रात्र चालणाऱ्या गायन पार्ट्या, आकाशवाणीचे नागपूर केंद्र आणि नंतर कॅसेटी. बाबासाहेबांचे चरित्र तिने वाचले नाही, ऐकले. वामनदादा कर्डकांसारख्या (१९२२-२००४) कवी-गायकांनी गावोगाव फिरून आपल्या आया-बहिणींना शहाणे केले ते याच वाटेने. त्या गाण्याला चाल आहे, ठेका आहे, पण त्याचा जीव शब्दांत आहे. शब्दच ऐकू आला नाही तर मायसारख्या बाईचे पुस्तकच मिटल्यासारखे होते.

पुढची दहा वर्षे मायने गाणी ऐकणे जवळजवळ सोडून दिले. आम्ही म्हटले, वय झाले. हप्ते फिटले, डबा घुमत राहिला आणि चूक कोणाची हे आमच्या लक्षात आले नाही.

शब्द कुठे हरवतो?

आपल्या कानाला साधारण २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. ढोलकीचा घुमारा, गाण्यातला खर्ज हा खालच्या टोकाला. बोलण्यातले स, श, त, फ यांसारखे वर्ण मात्र वरच्या बाजूला, काही हजार कंपनांच्या घरात असतात. 'सात' आणि 'रात' यांतला फरक या वरच्या आवाजावरच कळतो. वय वाढले की कानाची नेमकी हीच वरची बाजू आधी कमजोर होते. त्यात सब-वूफरने खालचा आवाज खोलीभर भरला की उरलासुरला शब्दही त्याखाली दबतो. मायचा कान थोडा कमी झाला होता हे खरे. पण बाकीचे काम त्या डब्याने केले.

२०२२ साली भाच्याने सुचवले की मोठे सोडा, लहान जोडी घ्या. यांना बुकशेल्फ स्पीकर म्हणतात, म्हणजे पुस्तकांच्या फळीवर मावतील एवढे डबे. उंची फूटभर किंवा त्याहूनही कमी. प्रत्येक डब्यात दोन तोंडे. खालचे चार ते सहा इंचाचा कोन, तो जाड आवाज काढतो. वरचे बोटभर रुंदीचे ट्वीटर, ते बारीक आवाज काढते. बस, एवढेच.

लहान डबा म्हणजे कमअस्सल असे समजू नये. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी हवाबंद लहान पेटीतूनही चांगला खर्ज काढून दाखवला आणि तेव्हापासून घरगुती डबे लहान होऊ लागले. ब्रिटनच्या बी.बी.सी.ने १९७० च्या दशकात बाहेरगावी प्रक्षेपणासाठी जाणाऱ्या गाडीत बसेल असा एक लहान स्पीकर तयार केला. गाडीतल्या अपुऱ्या जागेतही बोलणाऱ्याचा आवाज नीट पारखता यावा हा त्याचा हेतू होता. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीची गरजही काही वेगळी नाही.

चार घरांचा अनुभव

आमची जोडी एडिफायर या चिनी कंपनीची, आर १२८० टी नावाची. चार इंचाचा कोन, १३ मिलिमीटरचे ट्वीटर आणि दोन्ही डबे मिळून ४२ वॅट. अँप्लिफायर एका डब्याच्या आतच असतो, त्यामुळे वेगळे यंत्र लागत नाही. या मॉडेलला ब्ल्यूटूथ नाही. मोबाईल वायरने जोडावा लागतो. नऊ हजारांच्या घरात पडली. रक्कम आपल्यासारख्यांना लहान नाही, पण होम थिएटरचे व्याजासह झालेले हप्ते मोजले तर ते यापेक्षा जास्त होते. आवाज स्वच्छ, गाणाऱ्याचा गळा समोर बसल्यासारखा. मात्र ढोलकीचा घुमारा कमी. चार इंचाच्या कोनाकडून त्याहून जास्त मागूही नये.

पुलगावला दारूगोळा डेपोतून निवृत्त झालेले एक दादा आहेत. त्यांनी नागपूरहून जुन्या स्पीकरची जोडी आणि दुरुस्त केलेला अँप्लिफायर आणला. सगळे मिळून पाच हजारांत. लाकडी डबा, सहा इंचाचा कोन, आवाज भरदार. पण वर्षभरातच कोनाच्या कडेची स्पंजची गोल पट्टी भुगा होऊन गळाली. जुन्या मालात हे होतेच. कोन दुरुस्त करणाऱ्या कारागिराने रबरी पट्टी बसवून दिली, तेव्हापासून ठीक आहे. दादांचे म्हणणे, "जुना माल घ्या, पन बोट लावून कड पाहून घ्या."

हिंगणघाटच्या एका ताईंनी मुलांच्या अभ्यासासाठी पंधराशे रुपयांची कॉम्प्युटरची जोडी घेतली. हळू आवाजात बोलणे अगदी स्पष्ट कळते. मुलगी त्यावर इंग्रजीचे धडे ऐकते. मोठा केला की चिरका होतो आणि मागून सतत हुं हुं आवाज येतो. चौदाव्या महिन्यात, म्हणजे वॉरंटी संपल्यावर, एक डबा बंद पडला. त्या म्हणतात, पैसे वाया गेले असे नाही, पण आणखी थोडे थांबून बरी जोडी घेतली असती.

आर्वीच्या एका तरुणाने चाकांचा, माईकवाला मोठा स्पीकर घेतला. अंगणातल्या वाढदिवसाला, विहारापुढच्या कार्यक्रमाला फार कामाचा. घरात मात्र तो खुर्चीसारखा एक कोपरा अडवून बसला आहे. त्याची आजी म्हणते, याचे तोंड रस्त्याकडे कर.

या चारही घरांतून एकच गोष्ट निघते. कार्यक्रमाचे यंत्र वेगळे आणि घरचे वेगळे. वर्षातून दोनदा लागणारा मोठा आवाज भाड्याने मिळतो. रोजचा आवाज घरचा, तो शब्दांसाठी घ्यावा.

वॅटच्या आकड्याला भुलू नका

खोक्यावर पी.एम.पी.ओ. असे लिहून हजारोंचा आकडा छापलेला असतो. तो मोजण्याची एक ठरलेली पद्धत नाही, म्हणून त्याला अर्थही नाही. आर.एम.एस. हा आकडा विचारा. यंत्र सतत किती ताकद देऊ शकते ते त्यावरून कळते. तो छापलेलाच नसेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारा.

दुसरे, वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटला फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे कानाला जरासा फरक. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. आपल्या एवढ्याशा खोलीत बसून ऐकताना एक-दोन वॅटमध्येही काम भागते. तेव्हा वॅटसाठी जादा हजार रुपये मोजू नयेत.

दुकानात जाताना आपली गाणी मोबाईलमध्ये घेऊन जा. दुकानदाराचे धडधडणारे गाणे ऐकू नका. आपण कधी न ऐकलेले एक गाणे आणि एक भाषण लावा. आवाज बोलण्याइतकाच ठेवा, डोळे मिटा आणि एक कडवे कागदावर उतरवून काढा. जिथे शब्द अडला तिथे खूण करा. ज्या डब्यावर कमी खुणा होतील तो आपला. घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला बरोबर नेता आले तर फारच उत्तम.

घरी आणल्यावर

अर्धी चूक ठेवण्यात होते. आम्ही पहिल्या दिवशी जोडी लोखंडी कपाटावर, छपराजवळ ठेवली. आवाज टिनावर आपटून पुन्हा तीच गत. मग पुढील गोष्टी केल्या.

डबे कानाच्या उंचीवर हवेत. बाजेवर बसणाऱ्याचा कान जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर असतो. म्हणून मुलांच्या पुस्तकांची फळी खाली घेतली. जागाच नसेल आणि डबा वर ठेवावा लागला तर मागून लाकडी पाचर लावून तोंड खाली वळवावे.

डबे अगदी कोपऱ्यात कोंबू नयेत. भिंतीजवळ आणि कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि शब्द पुन्हा दबतो. मागे भोक असेल तर भिंतीपासून वीतभर तरी अंतर सोडावे. दोन डब्यांत जेवढे अंतर, साधारण तेवढेच अंतर ऐकणाऱ्यापासून असले की गाणारा बरोबर मधे उभा राहतो.

डब्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे ठेवावेत. फळी आणि भांडी थरथरत नाहीत. समोरच्या उघड्या भिंतीवर गोधडी टांगली की टिनाखालचा घुमारा बराच कमी होतो.

वायर जोडताना दोन्ही डब्यांना लाल ती लाल, काळी ती काळी हे पाहावे. एका बाजूला उलट झाले तर खर्ज नाहीसा होतो आणि आवाज पोकळ लागतो. यंत्र बिघडले असे समजून लोक दुकानात धावतात.

पावसाळ्यात भुशाच्या फळीचा डबा ओल धरून फुगतो, म्हणून ओल्या भिंतीला टेकवू नये. विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवावा. वायरी उंदरांपासून सांभाळाव्यात.

आवाजाला बेताची सवय लावावी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. नियम बाजूला ठेवला तरी आपल्या भिंती एकमेकांना लागून आहेत आणि पलीकडे कोणाचे तरी पोर दहावीला बसलेले असते. लहान जोडीचा हाही फायदा की हळू लावूनही शब्द कळतो.

आणि घरात कोणी वारंवार "काय म्हटलं?" असे विचारत असेल तर आधी कान तपासून घ्या. वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. स्पीकर हे कानाचे औषध नव्हे. आम्ही मायला तपासायला नेले ते स्पीकर घेतल्यावर, खरे तर आधी न्यायला हवे होते.

शेवटी मायची गोष्ट सांगतो. बाबा आमच्या मोहल्ल्यातल्या गायन पार्टीत गात. १९९१ मध्ये, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, कोणीतरी टू-इन-वन समोर ठेवून त्यांची एक कॅसेट भरली होती. बाबांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. कॅसेटला बुरशी येऊ लागली होती, म्हणून भाच्याने ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. ज्यांच्या घरी अशा कॅसेटी आहेत त्यांनी हे काम यंदाच उरकावे, कारण फीत कोणासाठी थांबत नाही.

एका संध्याकाळी ती फळीवरच्या जोडीवर लावली. माय बाजेवर बसली होती. बाबांचा आवाज आला, मागे साथ देणारे आले. आम्हाला तो एकच गलका वाटत होता. माय पूर्ण गाणे संपेपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "तिसऱ्या कडव्यात तुह्या बापानं एक शब्द चुकवला. आनं मांगून कोन कोन गाऊन राहिलं, सांगू काय?" आणि तिने साथीच्या पाचही जणांची नावे सांगितली. त्यातले दोघे अजून आहेत. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना चहाला बोलावले.

होम थिएटर आता आर्वीच्या पाहुण्यांकडे आहे. मायची बाज फळीसमोर आहे आणि रोज सकाळी काय लावायचे हे तीच ठरवते.