निष्ठा कोणाशी?

९ नोव्हेंबर २०११ च्या रात्री अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाचे हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. एका वृत्तवाहिनीची गाडीही त्यांनी उलथवली. या संतापाचे कारण काय, तर फुटबॉलचे वयोवृद्ध प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना विश्वस्त मंडळाने पदमुक्त केले! त्यांचा माजी सहकारी जेरी सँडस्की याने ज्या बालकांवर वर्षानुवर्षे लैंगिक अत्याचार केले, त्यांचा मात्र त्या जमावाला विसर पडला होता.

स्नानगृहातील एक प्रकार २००१ मध्येच पॅटर्नो यांच्या कानी आला होता. त्यांनी तो वरिष्ठांना सांगितला. तेथून तो पोलिसांपर्यंत पोहोचलाच नाही. विद्यापीठाचा लौकिक जपला गेला, बालके असुरक्षितच राहिली. २०१२ मध्ये सँडस्की ४५ आरोपांत दोषी ठरला. विद्यापीठाच्या माजी अध्यक्षांसह तीन अधिकाऱ्यांनाही २०१७ मध्ये बालकांची सुरक्षितता धोक्यात आणल्याबद्दल शिक्षा सुनावण्यात आली.

त्या दंगलीनंतर दोनच दिवसांनी त्याच परिसरात पीडितांसाठी हजारो मेणबत्त्या पेटल्या, हेही नमूद केले पाहिजे. समाजाचा विवेक मेलेला नसतो. विभूतिपूजेने तो झाकोळून जातो. गुरूविषयी आदर हा संस्कारच आहे. परंतु गुरूच्या कीर्तीसाठी शिष्याचा आक्रोश दडपणे, ही निष्ठा नव्हे. तो अपराधातील सहभागच होय. मूल बोलू लागते तेव्हा आपण प्रथम कोणाकडे पाहतो, मुलाकडे की संस्थेच्या फलकाकडे? आपल्या निष्ठेची खरी कसोटी तेथेच लागते.