आधी दुहेरी, मग बाकीचं

ऑक्टोबर २०२४ मध्ये कझाकस्तानातल्या अल्माटी शहरात पुण्याच्या अर्जुन कढेनं आपलं पहिलं एटीपी विजेतेपद पटकावलं. दुहेरीचं. जोडीला हैदराबादचा ऋत्विक चौधरी बोल्लीपल्ली. समोर कोलंबियाचा निकोलस बारिएन्तोस आणि ट्युनिशियाचा स्कँडर मन्सूरी. पहिला सेट ३-६ गेला, दुसरा टायब्रेकवर खेचून आणला आणि दहा गुणांवर संपायचा सुपर टायब्रेक १४-१२ पर्यंत गेला. ही बातमी मला खेळाच्या पानावर शोधावी लागली. एकेरीत कुणी दुसऱ्या फेरीत हरला असता तर त्याला याहून मोठा मथळा मिळाला असता, असं मला उगाचच नाही वाटत.

अर्जुन तेव्हा तीस वर्षांचा होता. टेनिसमध्ये तिशी म्हणजे उतरण, हा हिशेब आपण एकेरीवरून मांडतो. दुहेरीत रोहन बोपण्णा वयाच्या ४३व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून जागतिक क्रमवारीत पहिला झाला. म्हणजे दुहेरीच्या घड्याळात अर्जुन तरुणच. पण मला त्याच्या वयापेक्षा त्याचा रस्ता महत्त्वाचा वाटतो. बालेवाडीच्या एटीपी स्पर्धेत वाइल्ड कार्डवर उतरलेला हा मुलगा त्याआधी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळत होता. अंतिम सामन्यातला त्याचा प्रतिस्पर्धी मन्सूरीही वेक फॉरेस्ट विद्यापीठातून आलेला. चौघांपैकी दोघे कॉलेजच्या टेनिसमधले, आणि यात योगायोग फार नाही.

अमेरिकन कॉलेजांतल्या लढतीची रचनाच तशी आहे. दोन विद्यापीठांचे संघ भिडतात तेव्हा सुरुवात दुहेरीनं होते. शेजारशेजारच्या तीन कोर्टांवर तीन जोड्या एकाच वेळी उतरतात. प्रत्येकीचा एकच सेट, सहा गेमचा. तीनपैकी दोन जोड्या जिंकल्या की संघाला एक गुण मिळतो आणि तिसऱ्या जोडीचा सामना आहे तिथे थांबवतात. मग सहा एकेरी सामने, प्रत्येकी एक गुण. एकूण सात, चार मिळाले की लढत खिशात. हिशेबानं दुहेरीचा वाटा सातातला एक, पण तो गुण पहिला असतो. ज्यांना तो मिळतो त्यांना सहापैकी तीन एकेरी पुरतात. ज्यांचा जातो त्यांना चार लागतात. म्हणून एकेरीत कितीही तरबेज असलेल्या पोराला तिथला प्रशिक्षक ‘तू दुहेरी खेळू नकोस’ असं सहसा म्हणत नाही. पार्टनर कोण, हेसुद्धा तोच ठरवतो. आवडो न आवडो, त्याच्याबरोबर निभवायचं.

त्यात ड्यूसला अॅडव्हांटेज नाही, ४०-४० झाले की पुढच्या एका गुणावर गेमचा निकाल. एटीपीच्या दुहेरीतही हाच नियम आहे. म्हणजे व्यावसायिक दुहेरीत माणसाला ज्या एका गुणावर घाम फुटतो, तो गुण कॉलेजचा खेळाडू चार वर्षं आठवड्यागणिक खेळतो. तोही शेजारच्या कोर्टावरून संघातली मुलं बोंबलत असताना. सर्व्हिस कुठं टाकायची हे खुणेनं सांगणं, नेटजवळच्यानं नेमक्या क्षणी आडवं धावणं, पार्टनरनं डबल फॉल्ट केला तरी तोंड वाकडं न करणं हे सगळं तिथं अंगात मुरतं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड, असं माझं मत. आपल्याकडच्या मुलांना ते शिकवायला कुणाला सवड नसते. ज्युनिअर स्पर्धांत दुहेरी म्हणजे एकेरीत हरल्यावर संध्याकाळी उरकायचा प्रकार.

कॉलेजचा हा रस्ता आपल्याला नवा नाही. महेश भूपती १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाकडून अली हमादेहच्या साथीनं अमेरिकेचं आंतरविद्यापीठ दुहेरी विजेतेपद जिंकला. दोनच वर्षांनी त्यानं रिका हिराकीबरोबर फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली आणि ग्रँड स्लॅम जिंकणारा पहिला भारतीय ठरला. लिअँडर पेसबरोबरचं १९९९ सालचं वैभव आपण अजून आळवतो. मिसिसिपीची आठवण मात्र कुणी काढत नाही.

ब्रिटिशांनी मात्र ही वाट नीट हेरलेली दिसते. गेल्या काही वर्षांतले विम्बल्डनच्या पुरुष दुहेरीचे विजेते पाहा. २०२३ ला नील स्कुप्स्की, लुईझियाना स्टेट विद्यापीठाचा. २०२४ ला हेन्री पॅटन, नॉर्थ कॅरोलिनातल्या अॅशव्हिलचा. हा गडी पूर्वी विम्बल्डनमध्येच कोर्टाशेजारी बसून सामन्यांची आकडेवारी टिपायचं काम करायचा. २०२५ ला लॉइड ग्लासपूल आणि ज्युलियन कॅश. ग्लासपूल टेक्सासचा, तर कॅश आपल्या अर्जुनच्याच ओक्लाहोमा स्टेटचा. संपूर्ण ब्रिटिश जोडीनं ही स्पर्धा त्याआधी जिंकली होती १९३६ मध्ये.

पदवी हाती आल्यावर मात्र खरी चढण लागते. सगळ्यात खालच्या, पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धेत दुहेरी जिंकणाऱ्या जोडीला दोघांत मिळून हजार डॉलरही मिळत नाहीत. तेवढ्यात विमान, हॉटेल आणि रॅकेटच्या तारा. वर प्रवेशाचा घोळ: मोठ्या स्पर्धेत जोडीची क्रमवारी एकत्र धरतात, त्यामुळे तुमचा क्रमांक चांगला पण पार्टनरचा खाली, तर दोघंही बाहेर. शिवाय एकेरीच्या क्रमवारीवरही दुहेरीत शिरता येतं, म्हणजे वर्षभर दुहेरीच खेळणाऱ्याची जागा एखादा एकेरीवाला सरावासाठी म्हणून घेऊन जातो. हे मला सरळ अन्यायाचं वाटतं. अर्जुनला कॉलेज सोडल्यापासून अल्माटीच्या करंडकापर्यंत सातेक वर्षं लागली ती अशी.

मुलींच्या बाजूनं ऋतुजा भोसलेचं नाव घ्यायलाच हवं. श्रीरामपूरकडची ही मुलगी टेक्सास ए अँड एमकडून खेळली. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ गमावला, मग ६-३, १०-४ अशी बाजी फिरवून सुवर्ण घेतलं. चायनीज तैपेईच्या जोडीनं पहिल्या सेटमध्ये तिला लक्ष्य केलं होतं की नाही, यावर टेनिसवाले वाद घालोत. सुपर टायब्रेकमध्ये प्रतिस्पर्ध्यांना चारच गुण मिळाले, मला तेवढं पुरेसं आहे.

पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात मुलांना पहाटे कोर्टावर सोडणारे पालक दहावीच्या वर्षात ‘खेळ की अभ्यास’ या कात्रीत सापडतात. त्यांना माझं सांगणं एवढंच: अमेरिकन कॉलेजांची चौकशी बारावीच्या निकालाची वाट न पाहता अकरावीतच सुरू करा. ‘एक वर्ष नुसतं खेळून बघू’ म्हणत थांबलात, तर कॉलेजकडून खेळण्याच्या वर्षांतलं एक कापलं जाऊ शकतं. शिष्यवृत्तीचा आकडा नीट विचारून घ्या. अगदी परवापर्यंत वरच्या विभागातल्या मुलांच्या पूर्ण संघाला मिळून साडेचारच शिष्यवृत्त्या असायच्या आणि त्या वाटून दिल्या जायच्या, तर मुलींच्या संघाला आठ पूर्ण. २०२५ पासून हे नियम बदलले आहेत, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका. आणि तिथल्या प्रशिक्षकांना पाठवायच्या व्हिडिओत फोरहँडचे वीस फटके असतीलच. दुहेरीचा एक अख्खा सेटही घाला.